स्त्रीवाद वाचायचाय? पुस्तकं जोडीनं घ्या

‘स्त्रीवादावर काहीतरी वाचायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं की बरेच जण सिमोन द बोव्हारचं नाव सांगून मोकळे होतात. विचारणारा उत्साहानं ‘द सेकंड सेक्स’ आणतो. करुणा गोखले यांचा मराठी अनुवाद असल्यामुळे भाषेची अडचण येत नाही. पण पुस्तक सुरू होतं जीवशास्त्रापासून, मग मनोविश्लेषण, मग ऐतिहासिक भौतिकवाद. तिथेच दमछाक होते आणि १९४९ सालचा तो ग्रंथ कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. वाचणाऱ्याला वाटतं, हा विषय काही आपल्याला झेपणारा नाही.

विषय झेपतो, फक्त सुरुवात भलतीकडून झालेली असते. मी खाली जो क्रम देतेय, तो मराठी वाचणाऱ्यांसाठी आहे. शक्य तिथे दोन पुस्तकं बरोबर घ्यायची, एवढीच त्यातली अट. प्रत्येक लेखिका आपल्या उंबऱ्यावरून दिसतं तेवढंच सांगते. पलीकडच्या आळीतली बाई त्याच गोष्टीबद्दल काय म्हणते ते वाचलं की मग पहिलीनं काय गाळलं होतं ते ध्यानात येतं. एकच पुस्तक वाचलं तर माणूस भारावतो तरी किंवा चिडतो तरी. दोन वाचली की प्रश्न पडायला लागतात.

पायरी पहिली: एक निबंध आणि एक पुस्तिका

पहिल्या आठवड्यात फार पानं वाचायचीच नाहीत. मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. वाचायला पंधरा मिनिटं पुरतात. धर्मग्रंथ वाचायचा अधिकार आम्हांला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असं ती सरळ विचारते. बाळंतपणाबद्दलचा भाग दोनदा वाचा. डोक्यावर छप्पर नसलेल्या बायका पावसावाऱ्यात कशा बाळंत होतात, हे ती लिहिते. बाईच्या शरीराचं दुःख आणि जातीचं दुःख तिला वेगवेगळं करून सांगताच येत नाही. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा वाद इथे एका शाळकरी मुलीच्या निबंधात येऊन गेलाय.

तिच्या जोडीला ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’, साल १८८२. इथे जरा थांबू, कारण नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगलं प्रवेशद्वार मला माहीत नाही. पार्श्वभूमी अशी: १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, विवाहबाह्य संबंधातून झालेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांना मात्र निमित्त मिळालं आणि समस्त बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे सुरू झाले. बुलढाण्याच्या ताराबाईंना ते वाचवेना. त्यांनी पुण्यात छापून घेतलेल्या या पुस्तिकेची किंमत होती नऊ आणे.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. बाई म्हणजे संशयाचा भोवरा, साहसाचं नगर, कपटाचं घर असे जे शिक्के शास्त्रापुराणांनी मारलेत, ते एकेक करून हातात घ्यायचे आणि विचारायचं: हे दुर्गुण तुमच्यात नाहीत? बायको मेली की दहाव्याला दुसरी शोधणाऱ्यांनी विधवेला मात्र जन्मभर कोपऱ्यात का बसवायचं? नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेलेली सावित्री सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल तरी टाकलेला नवरा कुणी ऐकलाय का? सगळा मजकूर समोर माणूस उभा करून झाडल्यासारखा आहे. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, अनुस्वारांचा पाऊस. मनातल्या मनात वाचलंत तर कंटाळाल. मोठ्यानं वाचा, दोन पानांत लय सापडते.

काही जागा खटकतील. इंग्रज सरकारचं गुणगान आहे, पतिव्रतेचा आदर्शही पुरता सुटलेला नाही. त्या जागांवर पेन्सिलीनं खूण करून पुढे जा. आणि जमलं तर जोतीराव फुले यांच्या ‘सत्सार’मधला, १८८५ सालचा, ताराबाईंची बाजू घेणारा मजकूरही वाचा. पुस्तिकेवर उठलेल्या टीकेला त्यांनी दिलेलं ते उत्तर आहे. पुढे ही पुस्तिका जवळपास विस्मरणात गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून वाचकांसमोर आणली. त्या नव्वद-ब्याण्णव वर्षांत किती शिकलेल्या घरांत ती पोचलीच नसेल, याचा विचार अधूनमधून माझ्या मनात येतो.

पायरी दुसरी: थोरामोठ्यांच्या दोन बायका

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४). ही जोडी ऐकून भुवया उंचावतात, पण लावून बघा.

न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्या मुलीला त्यांनी स्वतः शिकवलं. ती शिकते म्हणून घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे तिला सोसावे लागले. पुढे तीच मुलगी पुण्याच्या सेवासदनाची उभारणी करणारी रमाबाई झाली. पुस्तकात तक्रारीचा सूर जवळजवळ नाही, पतीबद्दल भक्तीच आहे. नवखे वाचक विचारतात, ‘यात स्त्रीवादी काय?’ मी म्हणते, स्वयंपाकघरातले प्रसंग नीट वाचा. शिकणाऱ्या सुनेला शिक्षा कोण करतं, कशी करतं, आणि सुधारक नवरा त्या वेळी कुठे असतो?

मल्लिका ही शाहीर अमर शेखांची मुलगी; नवरा कवी, दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक. इथे भक्ती नाही. चळवळीच्या नेत्याच्या घरात बाईच्या वाट्याला काय आलं, ते तिनं काहीही न झाकता लिहिलंय. दोन्ही पुस्तकांत बाहेर न्यायासाठी झगडणारा पुरुष आहे. त्या न्यायाचं घरात काय होतं, हा एकच प्रश्न घेऊन दोन्ही वाचा. उत्तरं अगदी निराळी येतील, आणि कोणत्याही एका पुरुषाला खलनायक ठरवून सुटका होणार नाही.

पायरी तिसरी: लाकडाची मोळी

एवढ्या सगळ्यातून एकच जोडी वाचायला वेळ असेल, तर ही वाचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’.

‘स्मृतिचित्रे’ शाळेत धड्यापुरती भेटलेली असते, नवऱ्याच्या धांदलीचे मजेदार किस्से म्हणून. पूर्ण वाचा. (संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण तिच्यावर भागवू नका.) सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं. ते इतकं टोकाला गेलेलं की बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय आत यायची नाही. त्या सोवळ्यानं घरातल्या बायकामुलांचे जे हाल होतात, ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, आणि वाचताना आपणही हसतो. पुढे रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात, संसार मोडतो, काही वर्षांनी पुन्हा जुळतो. मधल्या काळात या बाईच्या मनातून जात कशी गळून पडली, तो भाग मराठी गद्यातल्या उत्तम पानांपैकी आहे.

आता बेबीताई. त्या फलटणला किराणा दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतला मजकूर वाचता वाचता त्या लिहायला लागल्या आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवले. आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ मध्ये पुस्तकरूपानं ते बाहेर आलं. त्यात एक प्रसंग आहे. महारवाड्यातल्या बायका रानातून जळण गोळा करतात आणि मोळ्या घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जातात. मोळी रचून देण्याआधी त्यांना काटकी न् काटकी तपासावी लागते, कारण त्यात चुकून आपला केस किंवा लुगड्याचा धागा अडकून राहिला तर घर विटाळेल.

लक्ष्मीबाईंचं बालपण १८७० च्या दशकातलं, बेबीताईंचं १९३० च्या. मध्ये साठेक वर्षं गेली, गावं वेगळी, पण सोवळं तेच. पहिल्या पुस्तकात ते उंबऱ्याच्या आतून दिसतं, म्हणून विक्षिप्त आणि विनोदी वाटतं. दुसऱ्या पुस्तकात मोळी तपासणारी बाई उन्हात उभी आहे. ‘स्मृतिचित्रे’ याच्यामुळे लहान ठरत नाही. मात्र ती पानं पुन्हा उघडली की पहिल्या वेळेइतकं हसू येत नाही.

आणि बेबीताई तिथे थांबत नाहीत. महारवाड्यातल्या सासवा-नवरे सुनांचा छळ कसा करायचे, पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा कसा अडकवायचे, हेही त्या त्याच पुस्तकात लिहितात. बाहेरच्या अन्यायाचं कारण देऊन आपल्या माणसांना सूट द्यायची नाही, हा कणखरपणा फार कमी लेखकांत सापडतो. बोली फलटण-सासवड भागातली आहे, पहिली वीस पानं जड जातील. घाई करू नका.

या जोडीनंतर ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ हा शब्द कानावर आला तर तो शिवीसारखा वाटणार नाही. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ही संकल्पना मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर जात टिकवायची असेल तर लग्नं जातीत व्हायला हवीत, आणि त्यासाठी बाईच्या शरीरावर पहारा हवा. म्हणून जातीची उतरंड आणि बाईवरची बंधनं एकमेकींना धरून असतात. विधवेचं केशवपन, वरच्या जातीचं सोवळं, मोळीतला केस हे सगळं एका ओळीत दिसायला लागतं. संज्ञा आधी पाठ करून पुस्तकांकडे गेलात तर हे दिसत नाही, म्हणून तिला इतक्या उशिरा आणलं.

पायरी चौथी: चळवळीतल्या बायका

ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) हे आत्मचरित्र एकटं वाचलं तरी चालेल, त्याच्या आतच दोन-तीन जग आहेत. रत्नागिरीजवळचं गाव, डोंगर तुडवत बाजाराला जाणाऱ्या बायका, हाताला उसंत नसलेली बुरूडकाम करणारी आई. मग मुंबईतली नोकरी, शिक्षण, लेखन. बायकोच्या शिकण्याला आधी हरकत नसलेला नवरा ती सभा-संमेलनांना जायला लागल्यावर कसा कुरकुरू लागतो, ते वाचताना अनेकींना आपलं घर दिसेल. मुंबईच्या स्त्री संघटनांत वावरताना जातीचा प्रश्न तिथे कसा बाजूला पडायचा, तेही त्या लिहितात.

त्यांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर केलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) जवळ ठेवा. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन हे पुस्तक उभं राहिलंय. १९४२ च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेला हजारो बायका जमल्या होत्या, हे शाळेच्या इतिहासात कुणी वाचल्याचं आठवतं का?

पायरी पाचवी: कोर्टाची कागदपत्रं

इथे येईपर्यंत आत्मचरित्रांचा थोडा कंटाळा आलेला असतो, तेव्हा चव बदलू.

पहिला खटला रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला, पण अपिलात तो टिकला नाही आणि १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी काम केलं. खटला चालू असताना ‘हिंदू लेडी’ या नावानं त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाला लिहिलेली पत्रं मिळाली तर सोडू नका. लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्या वेळी कोणती बाजू घेतली होती, तेही तपासून बघा.

दुसरा मथुरा प्रकरणाचा. १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली देसाईगंज पोलीस चौकी, मथुरा नावाची आदिवासी मुलगी आणि तिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप असलेले दोन पोलीस. सत्र न्यायालयात पोलीस सुटले, नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा त्यामागचा तर्क होता. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते इंग्रजीत आहे, मोजक्या पानांचं आहे आणि इंटरनेटवर सापडतं. देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय तसंच धरून चालेल.

दोन्ही कागद शेजारी ठेवून एकच गोष्ट शोधा: ‘संमती’ कुणाची, कधीची आणि ती ठरवतंय कोण?

पायरी सहावी: परदेशी पुस्तकं

आता बाहेर जायला हरकत नाही. व्हर्जिनिया वुल्फचं ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) लहान आहे आणि मिस्कील आहे. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, असं ती म्हणते. हे वाचताना फलटणच्या दुकानातले लपवलेले कागद डोळ्यांसमोर ठेवा आणि वुल्फशी खुशाल भांडा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांचं ‘फेमिनिझम इज फॉर एव्हरीबडी’ (२०००) हे तर नवख्यांसाठीच लिहिलेलं, सोप्या इंग्रजीतलं पुस्तक आहे. बोव्हार त्यानंतर, आणि तीही सलग वाचायची सक्ती नाही. दुसऱ्या खंडात बालपण, लग्न, आईपण, म्हातारपण येतं; तिथून सुरू करा, तात्त्विक भाग मागाहून.

कथा-कादंबऱ्या

त्यांना वेगळी पायरी देत नाही, कंटाळा आला की मध्येच घ्या. विभावरी शिरूरकर या टोपणनावानं मालतीबाई बेडेकरांनी लिहिलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’नं १९३३ मध्ये केवढी तरी खळबळ उडवली होती. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींनाही इच्छा असतात, एवढंच त्यात होतं. त्याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवत होते, हे लक्षात ठेवून वाचलं तर त्या खळबळीचा अंदाज येतो. गौरी देशपांडे तर हव्यातच, ‘एकेक पान गळावया’पासून. कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५) आदिवासी भागातल्या महिला सरपंचांच्या गावांतून हिंडते. आरक्षणानं खुर्ची मिळालेल्या बाईला तोंड उघडायला काय किंमत पडते, ते त्यात आहे.

काही कामाच्या गोष्टी

प्रस्तावना शेवटी वाचा. बऱ्याच आवृत्त्यांना विद्वानांच्या चाळीस-चाळीस पानी प्रस्तावना आहेत. त्या आधी वाचल्या तर पुस्तक त्यांच्या चष्म्यातून दिसतं.

पुरुषांनी हे वाचावं का, असं विचारणारे भेटतात. ताराबाईंनी पुस्तिका त्यांनाच उद्देशून लिहिलीये, मग आणखी कुणी वाचायची?

वर दिलेल्या यादीत मोठी भोकं आहेत, हे मला ठाऊक आहे. मुस्लिम स्त्रियांचं एकही पुस्तक आलं नाही. मेहरुन्निसा दलवाई यांचं ‘मी भरून पावले आहे’ त्यासाठी घ्या. १९६६ मध्ये त्यांचे पती हमीद दलवाई यांनी तलाकपीडित सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला होता. त्या घरातली हकिगत आतून कळते. विषयाचा आडवा छेद हवा असेल तर विद्युत भागवत यांचं ‘स्त्री-प्रश्नाची वाटचाल’ वाचा. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर अभ्यासकाच्या नजरेतून वाचायचं असेल तर शर्मिला रेगे यांचं २००६ सालचं इंग्रजी पुस्तक ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ आहे. आणि विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’चे जुने अंक रद्दीत सापडले तर उचलून आणा, वाचकांच्या पत्रांचं पान आधी उघडा.

पुस्तकं मिळवायची म्हणाल तर, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ आणि सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय आधी तिथे शोधा. बाकीची तालुक्याच्या वाचनालयात विचारा. कपाटात दिसली नाहीत तरी नोंदवहीत मागणी लिहून या, आणि दोन्ही पुस्तकांची नावं एकाच ओळीत लिहा.